घरपट्टीचे पाच मार्क

वार्ताहर मुलगी ठरल्या वेळेच्या बरीच आधी जिन्यात येऊन उभी राहिली आणि अप्पांची दाढी राहिली.

दाढी राहणं ही त्या घरात साधी गोष्ट नव्हती. आजारपणानंतर अप्पांचा हात थरथरायला लागला, तेव्हापासून दर रविवारी दादाच त्यांची दाढी करायचा. वाटीत कोमट पाणी, गळ्याभोवती टॉवेल, खिडकीशी ओढलेली खुर्ची. तेवढा वेळ बापलेक एकमेकांच्या श्वासाइतके जवळ असायचे आणि तेवढाच वेळ दोघंही अवाक्षर काढायचे नाहीत. आज पाणी तापलं होतं, टॉवेल निघाला होता, आणि घंटा वाजली. अप्पांनी हनुवटीवरून उलटा हात फिरवला आणि मोठीकडे असं पाहिलं, की जणू वर्गात उशिरा आलेली तीच.

"फोटो काढणार असतील तर सांगून ठेव," ते म्हणाले. "दाढी झाल्याशिवाय नाही."

"हो अप्पा."

मोठी बाहेर आमदार होती. दुसऱ्यांदा निवडून आलेली, शिक्षण समितीची अध्यक्ष. पण या दारातून आत आलं की ती नुसती मोठी व्हायची, अप्पांची थोरली मुलगी आणि दादाची पाठची बहीण. उद्या सभागृहात जे विधेयक मतदानाला यायचं होतं, त्याला सगळे तिच्याच नावानं ओळखत. पाचवीला आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा घ्यायची, आणि जो पास होणार नाही त्याला त्याच वर्गात बसवायचं. इतकी वर्षं कुणाला नापासच करायचं नाही असा कायदा होता. पोरं ढकलगाडीत बसल्यासारखी आठवीपर्यंत पोचायची आणि तिथं कळायचं की त्यांना धड वाचताही येत नाही. मोठीला हे मनापासून सलायचं. तिनं शाळा पाहिल्या होत्या, नुसते अहवाल चाळले नव्हते. हे तिच्या विरोधकांनाही कबूल होतं.

पण विधेयकापेक्षा जास्त गाजली होती ती तिची गोष्ट. गेल्या अधिवेशनात भाषणाची सुरुवातच तिनं अशी केली होती: "एक मास्तर होते. त्यांच्याच वर्गात त्यांचा मुलगा होता. मुलगा गणितात कमी पडला. मास्तरांनी पोटच्या पोराला नापास केलं. तो मुलगा आज स्वतःच्या पायावर उभा आहे, दहा माणसांना काम देतो. नापास करणं ही शिक्षा नाही, ती माया आहे." समोरच्या बाकांवरूनसुद्धा टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत मास्तर, मुलगा आणि माया. शिक्षण खात्याचं राज्यमंत्रिपद आता कुठे जात नाही, असं तिचा सहायक तेव्हापासून म्हणायला लागला होता.

दादानं ते भाषण मोबाइलवर ऐकलं होतं. "बरं बोललीस," एवढंच म्हणाला होता.

आजची मुलाखत ही त्या सहायकाचीच कल्पना. मतदानाच्या दिवशी सकाळी पहिल्या पानावर म्हातारे मास्तर आणि त्यांचा मुलगा शेजारी शेजारी. "ताई, फोटो एक आणि मतं दहा," तो म्हणाला होता. मोठीनं दादाला विचारलं, येशील ना? खाली वर्कशॉप आणि वर घर, यायला त्याला जिनाच काय तो चढायचा होता. तरी त्यानं धाकटीला फोन करून बोलावून घेतलं होतं. "मला एकट्याला बोलायला जमायचं नाही," असं तिला म्हणाला म्हणे.

धाकटी आली होती, पण मोठीशी बोलत नव्हती. सरकारी शाळेत पाचवीचा वर्ग सांभाळणारी ती. विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात एक कलम होतं: नापास झालेल्या मुलाला दोन महिने जादा शिकवायचं आणि फेरपरीक्षा घ्यायची, मग ठरवायचं. जादा शिक्षक कुठून आणायचे, म्हणून अर्थखात्यानं त्या कलमावर काट मारली. मोठीनं समितीत दोन बैठका भांडून पाहिलं आणि मग सही केली. निदान बाकीचं तरी पदरात पडतंय. धाकटीनं त्या दिवशी फोनवर विचारलं होतं, "ताई, माझ्या वर्गातली किती पोरं एकदा बसली की परत उठणार नाहीत, माहितीय तुला?" आणि तेव्हापासून अबोला होता.

तर अशी ती बैठक भरली. अप्पा दाढीच्या खुर्चीतच बसले. दादा दाराशी स्टुलावर. धाकटी खिडकीला टेकून उभी. वहिनी चहा टाकायला आत गेली आणि सहायक भिंतीला लागून, लग्नात मुलीकडचा उभा असतो तसा हात जोडून.

वार्ताहर मुलगी चुणचुणीत होती. रेकॉर्डर टेबलावर ठेवत म्हणाली, "सर, स्वतःच्या मुलाला नापास करताना हात थरथरला नाही?"

"हात आता थरथरतो," अप्पा म्हणाले. "तेव्हा चांगला होता."

सगळे हसले. अप्पा खुलले. एरवी दिवसभरात चार वाक्यं न बोलणारा माणूस, पण समोर कोणी वही उघडली की त्यांच्या पाठीचा कणा आपोआप ताठ व्हायचा.

"लोकांना वाटतं, मास्तराची पोरं म्हणजे त्यांना पेपर घरीच मिळतो," ते म्हणाले. "तोंड कसं बंद करायचं त्यांचं? मी एक पद्धत पाडली होती. माझी तिन्ही मुलं माझ्याच हाताखालून गेली. पेपर तपासायचा, बेरीज करायची आणि घरच्या मुलाचे पाच मार्क कापायचे. सरसकट. दरवेळी."

"कापायचे? कशाबद्दल?"

"घरात मास्तर आहे त्याबद्दल."

"आम्ही त्याला घरपट्टी म्हणायचो," मोठी हसून म्हणाली. या गोष्टीचं तिला नेहमीच कौतुक वाटत आलं होतं. "मला ब्याण्णव पडले होते एकदा. सत्त्याऐंशी लावले. मी दोन दिवस जेवले नव्हते."

"एकच वेळ जेवली नव्हतीस," अप्पा म्हणाले. "रात्री जेवलीस."

"माझीही भरलीय घरपट्टी," खिडकीतून धाकटी म्हणाली. महिन्याभरानं दोघी बहिणी एकाच वाक्यावर हसल्या. दादासुद्धा हसला. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आली तेव्हा घर असं हसत होतं.

मुलगी लिहिता लिहिता थांबली. कुतूहलानंच तिनं मान वळवली. "म्हणजे दादा, तुमचेही कापले असतील?"

मोठीचं हसू अजून तोंडावरच होतं. ते तिथंच राहिलं आणि आतून सगळं निघून गेलं. शाळांचे निकाल, टक्के, गळती यांचे तक्ते ती झोपेतसुद्धा वाचू शकली असती. घरपट्टी तिला ठाऊक होती. दादाचं नापास होणं ठाऊक होतं. आयुष्यभर या दोन गोष्टी तिनं दोन खिशांत ठेवल्या होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"छे हो," दादा घाईनं म्हणाला. "माझे कापायला होते कुठे? मला मुळात पंचवीसच पडले होते. डोक्यात दगड होते माझ्या. मी एरवीही नापासच."

"खोटं बोलू नकोस," अप्पा म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता. वर्गात फळ्याकडे तोंड करूनही मागच्या बाकावरचं कुजबुजणं ऐकू यायचं त्यांना, तेव्हाचा तो आवाज होता.

"पेपर मी तपासलाय. अडतीस होते. पाच कापले, तेहतीस झाले. पासला पस्तीस लागायचे."

दादानं मान खाली घातली. त्याच्या बोटांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक डाग होते, ते तो एकेक करून चोळत राहिला.

"अप्पा," धाकटी खिडकीपासून पुढं आली. "म्हणजे दादा पास होता?"

"पेपरात होता."

"मग आणखी कुठं व्हायचं असतं पास?"

"तुझे कापले, हिचे कापले. त्याचे सोडले असते तर तो नियम राहिला असता का?" अप्पांनी हे तिला नाही, वार्ताहर मुलीला सांगितलं. तिच्या हातात वही होती. "काठावरचा मुलगा. पास केला असता तर लोक म्हणाले असते, मास्तरानं ढकलला वर. सोसायचं तर आधी घरानं सोसायचं."

"घरानं नाही सोसलं," धाकटी म्हणाली. "त्यानं सोसलं."

"धाकटे, पुरे," दादा म्हणाला.

"का पुरे? महिनाभर मी ताईशी भांडतेय, तर तू म्हणतोस आमदार आहे, तिला जास्त कळतं. आता अप्पांना विचारतेय तर म्हणतोस पुरे. तुझ्या बाजूनं बोलायचं तरी कुणी?"

"माझी बाजू कशाला हवी कुणाला?"

वहिनीनं ट्रे टेबलावर ठेवला. चहा बशीत सांडला, तो तिनं पुसला नाही. लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून तिनं एकच ऐकलं होतं, की नवरा गणितात ढ. बाजारात हिशेब चुकला तर हसायचं, आणि मुलीला गणितात कमी पडले तर म्हणायचं, बापावर गेलीय.

"अहो," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

दादा पुन्हा बोटांवरचे डाग चोळायला लागला.

"तुम्हाला माहीत होतं."

"आईनं सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी कामाला लागल्यावर. कुणाला सांगू नकोस म्हणाली. सांगून काय होणार होतं तेव्हा?"

वार्ताहर मुलीनं हळूच विचारलं, "सर, हे... छापू?"

"खरं आहे ते छापायचं," अप्पा म्हणाले. "विचारायचं काय त्यात?"

ती उठली. फोटोचं नाव तिनं काढलं नाही. सहायक तिला सोडायला जिन्यापर्यंत गेला आणि परत येऊन त्यानं मोठीला कोपऱ्यात घेतलं. त्याचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा फुलला होता.

"ताई, घाबरू नका. उलट सोनं झालं याचं! अडतीस पडूनही नापास. म्हणजे बघा, तत्त्वासाठी केवढा त्याग. आधीच्या गोष्टीपेक्षा ही कडक आहे. मी लगेच भाषणात घालतो, प्रतोदांच्या ऑफिसलाही नवी प्रत..."

"तू जा," मोठी म्हणाली.

"भाषण?"

"जा म्हटलं ना."

तो गेला. या माणसाला हाकलताना तिला स्वतःचाच राग येत होता, कारण दोन क्षण, फक्त दोन क्षण, तिलाही वाटून गेलं होतं की गोष्ट खरंच जास्त चांगली झाली आहे.

"त्याला कशाला हाकलता?" वहिनी म्हणाली. आवाज बारीक होता, पण थांबणारा नव्हता. "तो तुमचंच बोलतोय. दहा माणसांना काम देतो म्हणालात तुम्ही सभागृहात. कुठायत दहा? खाली जाऊन मोजा. तिघं राहिलीत."

"वहिनी..."

"निवडून आलात त्या आठवड्यात याच जिन्यात उभ्या राहून तुम्ही ह्यांना सांगितलंत. दादा, आता सरकारी शाळांची बाकं करायचं काम घेऊ नकोस, लोक बोलतील. हे म्हणाले, बरं. हे नेहमीच म्हणतात बरं. शाळेत बसायला मिळालं नाही म्हणून बाकं करतो, असं हसत हसत सांगायचा हा माणूस. किती जीव होता त्या बाकांवर! पोराचा गुडघा आपटू नये म्हणून कडा गोल घासून द्यायचा, कुणी पैसे देत नव्हतं त्याचे. आता खिडक्यांचे गज करतो. अप्पांनी पाच मार्क कापले, ताई. तुम्ही बाकं कापलीत. घरपट्टी या घरात एकच माणूस भरतोय."

सभागृहात कुणी अडवलं तर मोठीला तीन उत्तरं तयार मिळायची. इथं तिनं बशीत सांडलेला चहा पुसायला घेतला. धाकटी वहिनीच्या शेजारी जाऊन उभी होती. आधी ती दादाच्या बाजूची होती, मग अप्पांच्या विरुद्ध गेली, आता वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून होती. आणि मोठीच्या बाजूला एकटे अप्पा राहिले होते, ताठ बसलेले आणि अर्धवट पांढरे खुंट वाढलेले. त्या दोघांना एका बाजूला पाहून मोठीला पहिल्यांदा भीती वाटली.

दादा तेवढ्यात जिना उतरून गेला होता.

ती खाली गेली. रविवार म्हणून वर्कशॉप बंद होतं, शटर अर्धं वर. आत लोखंडाचा आणि गंजाचा थंड वास. दादा एका उलट्या ठेवलेल्या फाटकावर बसला होता. मागं भिंतीशी एक जुनं बाक होतं, दोन मुलांचं. त्यावर आता रंगाचे डबे ठेवलेले होते.

मोठी डबे बाजूला सारून त्या बाकावर बसली. गुडघे वर आले.

पाचवीत असंच झालं होतं. दादा नापास झाला आणि ती चौथीतून वर आली, म्हणून दोघं एका वर्गात आले. ती पहिल्या बाकावर आणि तो शेवटच्या. सहामाहीचे निकाल अप्पांनी मोठ्यानं वाचले. सगळ्यात आधी तिचं नाव होतं. तिनं वळून मागं पाहिलं होतं, दादाला आपला आनंद दिसावा म्हणून. तो हसला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो शाळेऐवजी वेल्डिंगच्या दुकानात जाऊन बसायला लागला आणि वार्षिक परीक्षेला आलाच नाही.

"मला का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं.

"कधी सांगायचं?" तो म्हणाला. "आधी तू लहान होतीस. मग तू पहिली येत होतीस. मग आमदार झालीस."

"मी ती गोष्ट सगळीकडे सांगत फिरले, दादा."

"ऐकलीय मी."

"मी तुला विचारायला तरी हवं होतं."

"विचारलं असतंस तर मी बरं म्हणालो असतो." तो थोडं हसला. "सवय वाईट."

वर कुणीतरी खुर्ची सरकवली. दोघांनी छताकडे पाहिलं.

"अप्पांवर राग येत नाही तुला?"

दादानं विचार केला. प्रामाणिकपणे केला. कपाळावर आठी पडेपर्यंत.

"यायचा. फार यायचा. आई होती तोवर तिच्याकडे बघून गिळायचो. मग ते आजारी पडले, हात हलायला लागला. एका रविवारी स्वतःच दाढी करताना गाल कापून घेतला त्यांनी. रक्त पुसत बसले होते, कुणाला हाक मारली नाही. त्या दिवसापासून मी करतो. ब्लेड हातात असताना रागावून चालत नाही ना."

मोठी रडायला लागली. तिला रडताना पाहून त्यानं दुसरीकडे तोंड फिरवलं, पूर्वीही असंच करायचा.

"माझं एक काम करशील?" तो म्हणाला. त्यानं तिच्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं. बदली नाही, शिफारस नाही, अधिवेशन बघायचा साधा पास नाही. "तुझं ते बिल, त्यातलं मला कळत नाही. जमलं तर धाकटी म्हणते ते कलम घाल, पोरांना अजून एकदा बसू दे परीक्षेला. नाही जमलं तर राहू दे. पण त्या गोष्टीतून मला काढ."

"काढते."

"सगळे ओळखतात गं आता. परवा बँकेतला मुलगा म्हणाला, तुम्हीच का ते नापास झालेले? चांगल्या मनानंच म्हणाला. पण मी ते विसरत आलो होतो. आता कुणी मला विसरू देत नाही."

"काढते म्हणाले ना. शपथ."

"शपथ कशाला. म्हणालीस तेवढं पुरे."

त्यानं उठून हात पुसले आणि तो वर गेला. अप्पांची दाढी राहिली होती.

मोठीनं शटरच्या बाहेर येऊन प्रतोदांना फोन लावला. पक्षात कुणी कुठं मत द्यायचं हे सांगायचं काम त्यांचं. गोड बोलणारा माणूस, पण गोड बोलून गळा कापण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

"बोला ताई! उद्याची तयारी झाली?"

"एक दुरुस्ती मांडायचीय मला. फेरपरीक्षेचं कलम परत घालते."

"ताई, ते झालंय ना ठरून? तुमचीच सही आहे."

"सही माझी चुकली. काठावरची मुलं असतात. दोन-तीन मार्कांसाठी ज्यांचं आयुष्य जातं अशी. त्यांना एकदा पुन्हा बसू द्यायला हवं."

"भावना कळते मला. पण एकासाठी दार उघडलं की रांग लागते. नियमाला अपवाद केला की नियम उरत नाही, हे तुम्हीच नाही का बोलला होतात समितीत?"

बोलली होती. याच शब्दांत बोलली होती. आणि हे शब्द कुणाचे, कुणाच्या घरातले, ते तिला आत्ता ऐकू आलं. आडात होतं तेच पोहऱ्यात आलं होतं.

"मग मी विधेयक मांडणार नाही," ती म्हणाली.

"असं म्हणू नका."

"म्हणते. कलम नसेल तर मी बोलणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

मनातून तिला खात्री होती की ते ऐकतील. तिचं विधेयक, तिचं नाव, सगळ्या पेपरांत तिचाच फोटो. तिच्यावाचून ते उभं कसं राहील? ताकाला गेलेल्या माणसानं भांडं लपवू नये, तसं ती मुद्द्याचं बोलली होती आणि आता उत्तराची वाट पाहत होती.

"बरं," प्रतोद म्हणाले. किती सहज म्हणाले. "तब्येतीला जपा. डॉक्टर मांडतील, समितीतले आपले. त्यांचा आवाजही चांगला आहे. भाषणाची अडचण नाही, तुमच्या सहायकानं नवीन प्रत आत्ताच पाठवलीय."

मोठीनं शटरचा काठ धरला. "त्यातली ती मास्तरांची गोष्ट काढायला सांगा त्यांना. ती माझ्या घरातली आहे. भावाची परवानगी नाही."

"अहो, तीच तर जान आहे त्या भाषणाची! अडतीस मार्क असून नापास. मी वाचलं ताई, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आणि उद्या पेपरात येणारच आहे म्हणे ते, मग लपवायचं काय? डॉक्टर नीट सांगतील. आदरानं सांगतील. तुम्ही नसलात तरी गोष्ट राहील, काळजी करू नका."

फोन बंद झाला. तिनं सहायकाला लावला, त्यानं उचलला नाही. वार्ताहर मुलीला लावला. ती म्हणाली, बातमी गेली, आणि सरांनीच छापा म्हटलं होतं ना? ते खरंच होतं. डॉक्टरांना लावला, त्यांनी घाईघाईत तिच्या तब्येतीची चौकशी केली आणि गोष्टीबद्दल अभिनंदनही केलं.

ती बराच वेळ रस्त्याकडेला उभी राहिली. समोरच्या बेकरीतून कुणी पाव घेऊन चाललं होतं, कुणी सायकल पुसत होतं. मग ती जिना चढली.

वहिनी आणि धाकटी स्वयंपाकघरात होत्या. बोलण्याचा आवाज येत नव्हता, भांडी घासल्याचा तेवढा येत होता. खिडकीशी अप्पा मान मागं टेकून बसले होते, गळ्याभोवती टॉवेल, गालांवर साबणाचा फेस. दादा त्यांच्यावर वाकून ब्लेड चालवत होता. एक गाल झाला होता. मोठी दारातच थांबली.

अप्पांचे डोळे मिटलेले होते. दाढी करताना बोलायचं नाही हा इतक्या वर्षांचा नियम, आणि तो त्यांनीच मोडला.

"ते पाच मार्क," ते म्हणाले. आवाजात मास्तर नव्हता. "तुला दिले असते, तर काय झालं असतं रे?"

ब्लेड त्यांच्या गळ्याजवळ होतं, तिथंच थांबलं. दादाच्या हाताची शीर उठलेली मोठीला दारातून दिसली.

"हलू नका, अप्पा," दादा म्हणाला. "लागेल."

अप्पा हलले नाहीत. मिटल्या पापण्यांच्या कडेनं एक थेंब निघाला आणि फेसात जिरला. दादानं तो पुसला नाही. ब्लेड बुडवायला तो वाटीकडे वळला तेव्हा त्याला मोठी दिसली.

"काढलंस?" त्यानं हळूच विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. मघाशी दादानंच तिच्यासाठी आणि त्या म्हाताऱ्यासाठी ते बोलून दाखवलं होतं. पण उद्या दुपारपर्यंत ते टिकलं नसतं.

"नाही जमलं, दादा. मी नाही मांडणार ते. पण दुसरे मांडतील. गोष्टही सांगतील."

दादानं ब्लेड पाण्यात खळबळून टॉवेलच्या टोकाला पुसलं.

"बरं," तो म्हणाला, आणि अप्पांची हनुवटी दोन बोटांनी धरून त्यानं त्यांचा चेहरा दुसऱ्या बाजूला वळवला.